मुंगीची सुई

माय, तुला लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्यापेक्षा म्हातारा झालो आहे. आपण दोघं शेजारी बसलो तर लोक मला तुझा थोरला भाऊ समजतील. एवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही. लिहायला घेतलं की वाटायचं, तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, काना-मात्रा चुकेल. शिवाय तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तिथंही कुणाकडून वाचून घ्यावं लागेल, आणि तो वाचणारा आपल्याच भाऊबंदांतला निघाला तर? असं करता करता राहून गेलं. पण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला भाकर गोड लागत नाही. माय, माझा हात वर गेला. उजवा हात. आधी कानापर्यंत, मग कानाच्या वर, मग डोक्यावरची टोपी मी माझ्याच हातानं काढली आणि माझ्याच हातानं परत घातली. दवाखान्यातली माणसं बघत होती, बघू दे म्हटलं.

सहा महिने माझा खांदा धरला होता. मी सध्या अकोल्याला धाकट्याकडे असतो. सदऱ्याची बाही सून घालून द्यायची आणि मला लाज वाटायची. तिनंच कुठून तरी शोधून काढलं की इथं एक डॉक्टरीणबाई सुया टोचून दुखणी बरी करतात, चीन देशातली विद्या आहे, रीतसर शिकून आल्या आहेत. तुला माझा स्वभाव माहीत आहे. जायच्या आधी मी आठ रोज सुनेला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. सुई आत तुटली तर? रक्त थांबलं नाही तर? उलटं होऊन दुसराही हात धरला तर? ती शेवटी म्हणाली, "मामंजी, तुम्ही सुईले भेता का हात बरा होईन म्हनून भेता?" मग मुकाट्यानं गेलो. तिथं त्या बाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितलं. सून म्हणाली, "मॅडम, दुखते तं खांदा." पण मी धोतर वर घेतलं. त्यांनी डाव्या पायाची नळी अंगठ्यानं चाचपली, एके ठिकाणी थांबल्या, आणि मी म्हणालो, "बाई, जराशी खाली घ्या. गुडघा आणि घोटा, दोहींच्या बरोबर मधात. नळीच्या बाहेरून." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्हाला कसं माहीत?" मी म्हणालो, "माह्या मायच्या पायावर पाह्यलं." माय, जन्मात पहिल्यांदा एका शिकलेल्या माणसासमोर माझी मान ताठ होती.

त्यांना सगळं सांगायला वेळ नव्हता, बाहेर पेशंट बसले होते. म्हणून तुला सांगतो. तुला ठाऊकच आहे म्हणा, पण तुझ्या बाजूचं ठाऊक आहे, माझ्या बाजूचं नाही.

मला ते साल सांगता येणार नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता, मोठे साहेब नागपूरला बसायचे, आणि मी मोट हाकण्याच्या वयाचा झालो होतो. मिसरूड फुटली होती पण लग्न व्हायचं होतं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीच्या शिवेवरची आपली वाडी, तिच्यात झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाला वांगी आणि कोथिंबीर. पहाटे मी पाणी धरायचो, तू फुलं तोडायचीस, आणि उजाडता उजाडता देवळाच्या रस्त्यावर कडुलिंबाखाली तुझं पोतं अंथरलेलं असायचं. तुझ्यासारखा हार गुंफणारी बाई त्या रस्त्यावर दुसरी नव्हती. गिऱ्हाईक भाव विचारून पान खाऊन येईपर्यंत हार तयार. आणि त्याहून वेगानं तुझं तोंड चालायचं. मला ते ऐकून धडकी भरायची, आज कुणाशी तरी जुंपणार म्हणून.

जुंपली ती त्या चिनिणीशी. नवराबायको बडनेऱ्याला गाडीतून उतरून आले होते, म्हणे कलकत्त्याहून. नवरा रेशमी कापडाचं गाठोडं खांद्यावर टाकून चांदूर बाजार, परतवाडा, पार अकोल्यापर्यंत फिरायचा. बायको मात्र अमरावतीतच राहायची आणि कागदाची फुलं करून विकायची. तिला सावली पाहिजे होती, आणि सावली तुझ्या कडुलिंबाचीच होती. तिनं बांबूच्या काड्यांना लावलेले तांबडे-पिवळे गुलाब तुझ्या झेंडूच्या टोपलीशेजारी खोचले आणि तू कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस.

"काय व चिनीन, देवाले आता कागद वाहाचा का? उद्या नैवेद्यबी कागदाचाच दाखवशीन!"

ती हसली. तिला बाजारातली हिंदी येत होती, मोडकी पण धारदार. "माई, तेरा फूल कल मर जाएगा. मेरा फूल तेरे पोते को भी देखेगा."

"मरते म्हनूनच देव घेते त्याले," तू म्हणालीस. "तुह्यं फूल ना जगलं ना मेलं."

लिंबाखालचे सगळे हसले. मला वाटलं, झालं, आता पोलीस येतात. पण त्या दिवसापासून तुम्हा दोघींचा तो रोजचा खेळ होऊन बसला. एखादा दिवस ती आली नाही तर तू दर घटकेला रस्त्याकडे पाहायचीस, आणि मी विचारलं तर म्हणायचीस, "ऊन पाहून राहिलो."

मग श्रावणात तुझा खांदा धरला. आधी फणी फिरवताना हात अडखळू लागला. पोळ्याला बैलाच्या कपाळाला कुंकू लावायला तू डावा हात पुढं केलास तेव्हा मला कळलं. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं चोळायला मलम दिलं आणि खांदा हलवत राहा म्हणाला. तू हलवायला गेलीस की डोळ्यांत पाणी यायचं. मांडीवर हार गुंफता येत होता, कसाबसा. पण मला धास्ती होती ती नवरात्राची.

आपल्या घराचा मान मी तुला काय सांगायचा. घटाच्या नऊ दिवसांच्या नऊ माळा देवीला आपल्या घरून जात. आणि ती माळ मांडीवर गुंफायची नाही, जमिनीला लागू द्यायची नाही. भिंतीवरच्या उंच खुंटीला दोरा बांधायचा, उभं राहायचं, आणि वरून खाली फुलं ओवत यायचं. दर फुलाला खुंटीशी दोरा ताणायला हात डोक्यावर न्यायचा. हे काम घरच्या थोरल्या सुनेच्याच हातचं. लेकीचं नाही, ती परघरची. गडीमाणसाचं तर नाहीच. थोरलीला जमलं नाही तर मान धाकटीच्या घरी जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. बाबांच्या मागं आपल्याकडे दुसरं होतं काय? भाऊबंदांनी विहिरीचं पाणी वाटून घेतलं होतं, बांध सरकवला होता. ही नऊ माळांची गोष्ट तेवढी उरली होती, जिच्यामुळं लोक अजून आपल्या घराला थोरलं घर म्हणत होते.

धाकटी म्हणजे काकू, आणि तिला वास लागलाच. भादव्यात एकदा ती ताक मागायच्या निमित्तानं आली आणि ओसरीत बसली.

"जाऊबाई, हात चालत नाई तं नाई चालत. लपवून काय होते? मान देवीचा हाय, आपला थोडाच हाय? औंदा माळ आमच्या घरून जाऊ द्या."

"हात दुखून राहिला व माहा, जीभ नाई," तू म्हणालीस. "ताक पाह्यजे तं ताक ने. देवी राहू दे माह्याच घरी."

ती गेली आणि तू भिंतीला टेकून बसलीस. तेव्हा तुझा चेहरा मी पहिल्यांदा तसा पाहिला. तू भ्यायलीस तर मग मी कुणाकडं पाहायचं?

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली चिनीण तुझ्याकडे टक लावून बघत होती. तू दोरा दातात धरून डाव्या हातानं ओढत होतीस. तिनं आपल्या खांद्यावर थाप मारून विचारलं, "माई, ये बंद?" तू मान फिरवलीस. ती उठली, तुझ्यासमोर बसली, न विचारता तुझा हात धरून हळूच उचलला. छातीपाशी तू कळवळलीस. तिनं आपल्या पेटाऱ्यातून कापडाची एक गुंडाळी काढली. आत सुया. आपल्या हार गुंफायच्या सुईपुढं त्या म्हणजे केसच. तिची चहाची किटली शेजारी शेगडीवर असायचीच, त्यात तिनं सुया उकळल्या. "दो हफ्ता, माई. हाथ ऊपर." तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "नको माय." तू म्हणालीस, "तू कशाले हो म्हनशीन कधी," आणि हात पुढं केलास.

तिनं हात बाजूला सारला आणि तुझं लुगडं पोटरीपर्यंत वर केलं. शेजारचा पानवाला ओरडला, "अवो, खांदा वरते हाय, खाली काय पाहून राहिली?" लोक जमले. तिनं अंगठ्यानं नळीच्या कडेनं चाचपलं, सुई लावली, आणि सुई आत गेली, माय. दोन बोटं तरी गेली असेल. रक्ताचा थेंब नाही. मी टोपलीला धरून उभा राहिलो. ती सुई दोन बोटांत धरून हळूहळू फिरवत होती आणि तुझ्या तोंडाकडे निरखून पाहत विचारत होती, "छी? छी आया? छी?"

तुझा चेहरा बदलला. मला समजलं काय झालं ते. तुझे पाय नेहमी शेणामातीचे, टाचा भेगाळलेल्या, त्या दिवशी तर चिखलातून आली होतीस. आणि ही बाई चार लोकांत तुझा पाय हातात धरून छी म्हणते!

"छी म्हनते मले?" तू पाय ओढून घेतलास, सुई तशीच पायात. "मातीतून आला हाय हा पाय! या मातीतूनच फूल येते, तुह्या कागदातून नाई येत! छी म्हनते!" तिला कळेना. ती घाबरून हात जोडत होती, सुई काढू दे म्हणून खुणा करत होती, आणि पुन्हा पुन्हा तेच, "छी नहीं आया? छी?" तू स्वतःच्या हातानं सुई उपटलीस, तिच्या पोत्यावर टाकलीस, टोपली डाव्या कंबरेला घेतलीस आणि भर बाजारातून चालू लागलीस. मी मागून धावलो.

पितृपक्ष लागला होता. काकूनं गावभर केलं की चिनिणीनं सुई टोचून करणी केली, आता हात गळूनच पडतो. त्याच आठवड्यात तेल्हाऱ्याहून मामा आले. त्यांचा एकच इलाज.

"बैलाले डाग देल्ला का बैल उठते. तू कावून नाई उठनार?"

"मंग बैलालेच सांग माळ गुंफाले," तू म्हणालीस. पण हसली नाहीस. दिवस भराभर जात होते. मामांनी डागवाल्याला वाडीतच आणलं. विळ्याचं टोक लाल केलं आणि तुझ्या खांद्यावर दोन डाग दिले. मी मोटेपाशी होतो. तू ओरडली नाहीस. बैलांनीच कान टवकारले. दोन दिवस ताप होता, फोड आले, आणि हात होता तिथून चार बोटं खाली आला.

बाजारातल्या त्या प्रकारानंतर आठव्या दिवशी मी तुझ्याजवळ येऊन बसलो आणि सांगितलं की मला तो चिनी कापडवाला भेटला. त्यानं मला समजावून दिलं: बायको छी म्हणत नव्हती. त्यांच्या बोलीत तो एक वेगळाच शब्द आहे. सुई बरोबर जागी लागली की आत काहीतरी चालू लागतं, जड वाटतं, झिणझिण्या येतात; ते आलं का, एवढंच ती विचारत होती. ते आल्याशिवाय सुईचा उपयोग नाही. म्हणून ती घाबरून पुन्हा पुन्हा विचारत होती.

तू पायाच्या नळीवर हात फिरवलास. मग म्हणालीस, "म्हंजे मुंगी."

"काय?"

"आली होती नं. पायातून वरते मुंगी चालली होती. मले वाटलं, रागानं." आणि तू हसायला लागलीस. खांद्यावरच्या फोडांनी हसवत नव्हतं तरी हसत होतीस. "तिले शब्द नाई सापडला व बिचारीले. मी देतो तिले शब्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू शेवंतीची एक वेणी गुंफून घेतलीस आणि सरळ तिच्यासमोर जाऊन बसलीस, पाय स्वच्छ धुऊन, लुगडं आपणहून वर करून. "छी नाई म्हनाचं," तू बोट नाचवून सांगितलंस. "मुंगी. मुंगी आली का, असं इचाराचं." ती म्हणाली, "मुंगी." मग तिनं तुझ्या खांद्यावरचे डाग पाहिले आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कोणत्याही बोलीतला असेल. आधी तिनं फोडांना काही तरी काळं लावलं. मग सुई. "मुंगी आया?" "थांब. थांब... हाव! आली!" "हाथ ऊपर." सुई पायात आणि तू हात उचलायला लागलीस. छातीपर्यंत गेला. तिथं अडला. ती सुई फिरवत होती, "ऊपर, माई, ऊपर," आणि हात गळ्यापर्यंत गेला. पानवाला पान लावायचं विसरला. त्या दिवशी तेवढंच.

सात दिवस उरले होते, सातही दिवस तू गेलीस. घरी डोळे मिटून, ओठ दाबून, भिंतीवर बोटं चढवत हात हलवत राहायचीस, डॉक्टरनं सांगितलं होतं तसं. मी कोळशानं भिंतीवर रोजची खूण करायचो आणि पुन्हा पुन्हा तपासायचो, कालच्यापेक्षा वर आहे ना. एक दिवस खूण खाली आली आणि मी जेवलो नाही. तू म्हणालीस, "अरे, खांदा माहा हाय का तुहा?" चिनीण तुझी वेणी अंबाड्यात घालून बसायची. लोक तिला चिडवायचे, "काय व, सोताच्या मालावर भरोसा नाई का?" ती म्हणायची, "मेरा फूल बेचने का. माई का फूल पहनने का."

घटस्थापनेची सकाळ मला आजही समोर दिसते. ओसरीत भाऊबंद बसले आहेत. काकू न्हाऊन, नवं लुगडं नेसून आली आहे, हातात परडी, आणि परडीत तिची स्वतःची सुई आणि ओवलेला दोरा. तिनं काही लपवलेलं नाही. तू खुंटीखाली उभी आहेस. तुझ्या डोक्याच्या वर वीतभर खुंटी. मी दारात आहे, चौकट धरून. आदल्या दिवशीची कोळशाची खूण खुंटीच्या चार बोटं खाली आहे, हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणखी कुणाला नाही.

तू काकूच्या परडीत पाहतेस. "सुई आनली ते बरं केलं व," तू म्हणतेस. "माह्या सुईले जोडीदारीन झाली."

मग तू दोरा घेतेस आणि हात उचलतेस. छाती. गळा. कान. कानापाशी तुझा हात थांबतो. काकू परडी या हातातून त्या हातात घेते. कुणी खोकतं. तेवढ्यात फाटकाबाहेरून, आत यावं की नाही कळत नसल्यासारखी उभी असलेली चिनीण मोठ्यानं ओरडते, "माई! मुंगी आया?"

भाऊबंद माना वळवून बघतात. आणि तू, दात-ओठ खात, टाचा उचलत, हात वर, वर, वर, खुंटीपर्यंत नेतेस, दोऱ्याचा फास खुंटीत अडकवतेस आणि ओरडतेस, "मुंगी नाई व चिनीन, घोडा आला घोडा!"

माय, मग सगळे असे हसले की आपल्या घराची कौलं उडाली असती. बाबांच्या चुलत्यांपैकी सगळ्यात म्हातारे होते ते उठले आणि म्हणाले, "माळ थोरल्या घरीच हाय. चला, आपापल्या कामाले लागा." तू एकामागून एक शेवंती ओवत राहिलीस. दर फुलाला हात वर. कपाळावरून घाम ओघळत होता आणि तू पुसला नाहीस. माळ पूर्ण झाली तेव्हा ती जमिनीपासून हातभर वर लोंबत होती आणि तिला कुणाचाही हात लागला नव्हता, तुझ्याशिवाय. मग तू चिनिणीला हाक मारलीस, "ये व, मधात ये," आणि काकूच्या शेजारी तिला पाट दिलास. नऊही माळा तू गुंफल्यास. खांदा पुरता मोकळा व्हायला होळी उजाडली, हे खरं. पण लोकांच्या लेखी तो त्या सकाळीच मोकळा झाला.

त्यानंतर लिंबाखाली कंबर धरलेले, मान आखडलेले लोक यायला लागले. ती सुई लावायची आणि शेजारून तू विचारायचीस, "मुंगी आली का? नीट सांग, लाजू नको." छातीत पाणी झालेला एक जण आला होता, त्याला तिनं हात लावला नाही. "ये सुई का काम नहीं. दवाखाना जाओ." तू त्याला स्वतः दवाखान्यात पोचवून आलीस. सगळे त्या इलाजाला मुंगीची सुई म्हणायचे. पाच-सहा वर्षांनी ती दोघं कलकत्त्याला परत गेली. तिचं नाव आपण कधी विचारलंच नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. पण मला कशाचंही वाईट वाटतं, हे तू म्हणायचीसच.

तर काल अकोल्याला माझा हात वर गेला आणि मी खुर्चीतच "घोडा आला!" म्हणून ओरडलो. सून घाबरली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आजोबा, हे जे आत चालल्यासारखं वाटतं ना, त्याला चिनी लोक ची म्हणतात." मी म्हणालो, "माहीत हाय." त्या म्हणाल्या, "कधीपासून?" आणि माय, तिथं माझं हसू थांबलं. म्हणून तर हे पत्र.

मी तुला आठव्या दिवशी सांगितलं. पण तो कापडवाला मला आठव्या दिवशी भेटला नव्हता. तू बाजारातून चालू लागलीस त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, तो वाडीच्या फाटकाशी आला होता. बायकोनं रडून पाठवलं होतं त्याला. त्यानं मला सगळं नीट सांगितलं आणि हात जोडून म्हणाला, माई को बोलो. मी हो म्हणालो. आणि बोललो नाही. मला ती सुई आत जाताना दिसत होती, काकूचं करणीचं बोलणं पुढं कानावर आलं तेव्हा ते मला अर्धं खरं वाटत होतं, आणि तू रागावलेली राहिलीस तर पुन्हा तिथं जाणार नाहीस, एवढंच मला कळत होतं. मामा डाग द्यायला निघाले तेव्हाही तोंड उघडलं नाही. मोटेपाशी उभा राहिलो. ते दोन डाग तुझ्या खांद्यावर शेवटपर्यंत होते. तुला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांनीही ते पाहिले. ते मामांचे नव्हते, माय, माझे होते.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. पत्ता काय घालू? घडी करून उशीखाली ठेवतो. तुला तेव्हाच कळलं होतं का, आणि कळून तू गप्प राहिलीस का, एवढंच मला पाहिजे. रागावली असशील तर तसं सांग, नसशील तर तसं. पण लवकर निरोप धाड. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, तुझा निरोप येईपर्यंत मी रोज दारात येऊन बघत राहीन.